आवर घालणाऱ्या पेशी आणि अडीच लाखांचं पॅकेज

पत्र, थोडक्यात:
"माझी मुलगी ३४ वर्षांची. पहिल्या बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी हातांचे सांधे सुजू लागले. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला, अँटी-सीसीपी ही त्याची रक्ततपासणी पॉझिटिव्ह. चार वर्षं मेथोट्रेक्सेट आठवड्याला १५ मिलिग्रॅम, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आणि फॉलिक ॲसिड चालू आहे. मधली दोन वर्षं छान गेली. दिवाळीपासून पुन्हा सकाळी तासभर बोटं आखडतात, कणीक मळवत नाही. नोबेल मिळालेल्या टी-रेग पेशींबद्दल जावयांनी वाचलं. आमच्या शहरातलं एक खासगी केंद्र म्हणतं, हिच्यात याच पेशी कमी आहेत. आधी साडेआठ हजारांची टेस्ट. मग अडीच लाखांत सहा वेळा ५० मिली रक्त काढणार, पेशी 'ॲक्टिव्हेट' करणार आणि दोन तासांत परत चढवणार. मेथोट्रेक्सेट बंद करा म्हणतात, ते प्रतिकारशक्ती मारतं म्हणून. मलाही प्रश्न पडलाय: दाबणाऱ्या पेशी कमी पडल्या म्हणून आजार झाला, तर डॉक्टर आणखी दाबणारं औषध का देतात? त्या पेशीही दाबल्या जात नाहीत का? सध्या घरी गुळवेलीचा काढा सुरू केलाय. दुसऱ्या बाळाचाही विचार आहे. काय करावं?"
— एक आई, सांगली

ताई, आधी तातडीचं. पैसे भरू नका. मेथोट्रेक्सेट केंद्राच्या सांगण्यावरून बंद करू नका. काढा मात्र आजच थांबवा, त्याचं कारण पुढे येतंच.

आता तुमचा प्रश्न. तो अगदी नेमका आहे, आणि त्याचं उत्तर कळलं की केंद्राच्या पत्रकातला अर्धा मजकूर आपोआप गळून पडेल.

सगळा घोळ 'प्रतिकारशक्ती' या एका शब्दानं केलाय. आपण ती पाण्याच्या टाकीसारखी धरतो: भरली तर चांगलं, उतरली तर आजार. रुमॅटॉइडमध्ये टाकी रिकामी नसते. सांध्यात सैन्य भरपूर असतं, फक्त चुकीच्या घरात शिरलेलं असतं. म्हणजे तुमच्या मुलीची प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही, तिच्यावरचा आवर सुटलाय.

हा आवर घालतं कोण? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशी, म्हणजे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींची एक जात, तिथे घडतात, आणि ज्या स्वतःच्याच शरीरावर उठतील अशा असतात त्यांना तिथेच बाद केलं जातं. चाळणी चांगली आहे, पण पीठ कितीही बारीक चाळलं तरी थोडा कोंडा खाली उतरतोच. त्यामुळे आपल्याच सांध्यांकडे किंवा थायरॉइडकडे वाकड्या नजरेनं बघणाऱ्या थोड्या टी पेशी तुमच्या, आमच्या, सगळ्यांच्या रक्तात फिरत असतात. त्यांना रोखून धरणाऱ्या वेगळ्या पेशी म्हणजे नियामक टी पेशी, अर्थात टी-रेग.

शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी ओळखण्याची खूण दाखवली, पेशीच्या अंगावरचा सीडी२५ नावाचा रेणू. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये 'स्कर्फी' नावाच्या आजारी उंदरांमध्ये फॉक्सपी३ हे बिघडलेलं जनुक शोधलं. पुढे कळलं की टी-रेग घडवणारं जनुक तेच. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. जावयांनी वाचलेलं इथपर्यंत खरंच आहे.

तेच जनुक माणसात पूर्ण बिघडलं तर आयपेक्स नावाचा दुर्मीळ आजार होतो. तो मुलग्यांमध्ये दिसतो, कारण जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. जन्मल्यापासून काही महिन्यांतच न थांबणारे जुलाब, मधुमेह, अंगभर इसब. टी-रेग खरोखर नसल्या तर माणसाचं काय होतं त्याचं हे चित्र. तिशीत सांधे सुजलेल्या बाईच्या बाबतीत 'हिच्यात या पेशीच नाहीत' असं कुणी म्हणालं, तर त्याला आयपेक्स विचारा. बहुधा नाव ऐकलेलं नसेल.

या पेशी आवर घालतात तो तीन-चार तऱ्हांनी, आणि त्या माहीत असल्या की औषधांचं गणित सोपं होतं. पहिली तऱ्हा भुकेची. टी पेशींना वाढायला इंटरल्युकिन-२ नावाचा खुराक लागतो. टी-रेगच्या अंगावर सीडी२५ कायम गच्च भरलेला असल्यामुळे त्या तो आधी ओढून घेतात, आणि हल्ला करू पाहणाऱ्या पेशी उपाशी राहतात. दुसरी तऱ्हा जास्त चतुर आहे. हल्लेखोर पेशीला कामाला लागायला दोन इशारे लागतात, आणि दुसरा इशारा देणारे रेणू दुसऱ्याच एका पेशीच्या पृष्ठभागावर असतात. टी-रेग आपल्या सीटीएलए-४ या रेणूनं ते रेणू अक्षरशः ओरबाडून गिळून टाकतात. इशाराच गेला, हल्ला टळला. याशिवाय त्या इंटरल्युकिन-१० सारखे शांत करणारे स्राव सोडतात आणि आसपास ॲडेनोसिन तयार करतात. ॲडेनोसिन लक्षात ठेवा, मेथोट्रेक्सेटशी त्याचं नातं आहे.

आता खरी मेख. रुमॅटॉइडच्या सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं, तर त्यात टी-रेगचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा बऱ्याचदा जास्तच सापडतं. मग सूज का ओसरत नाही? मिरवणुकीत बंदोबस्ताला होमगार्ड भरपूर आहेत, पण डीजे इतका जोरात चालू आहे की त्यांची शिट्टी कुणालाच ऐकू येत नाही, तसं. सांध्यातला डीजे म्हणजे टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ हे दाहक स्राव. टीएनएफ टी-रेगचं आवर घालण्याचं काम ढिलं करतो. इंटरल्युकिन-६ मुळे नवीन टी पेशी आवर घालणाऱ्या होण्याऐवजी सूज वाढवणाऱ्या होतात. आणि सततच्या चिथावणीनं हल्लेखोर पेशी निर्ढावतात, धडधाकट टी-रेगनं सांगितलं तरी ऐकत नाहीत. म्हणजे प्रश्न संख्येचा कमी आणि कामाचा जास्त आहे. सगळ्या ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या, आजारांत नेमकं हेच घडतं असं नाही, ल्युपस किंवा पहिल्या प्रकारच्या मधुमेहात तपशील वेगळे आहेत. पण तुमच्या घरातल्या आजाराचं चित्र हे असं आहे.

तर डॉक्टरांचं 'दाबणारं औषध' काय दाबतं? डीजे. २००४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी रुमॅटॉइडच्या रुग्णांच्या टी-रेग तपासल्या. त्या आवर घालण्यात कमी पडत होत्या. टीएनएफ रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब दिल्यावर त्याच रुग्णांमध्ये ती क्षमता सुधारलेली दिसली. मेथोट्रेक्सेट कमी मात्रेत घेतल्यावर पेशींबाहेरचं ॲडेनोसिन वाढवतं, म्हणजे टी-रेग जे हत्यार वापरतात त्याच हत्याराला धार लावतं. अबाटासेप्ट नावाचं इंजेक्शन तर सीटीएलए-४ रेणूचीच कारखान्यात केलेली नक्कल आहे. त्या औषधावर असलेल्यांच्या रक्तातली टी-रेगची टक्केवारी काही अभ्यासांत उलट घटलेली दिसते, आणि तरीही सांधे सुधारतात.

सगळीच औषधं टी-रेगला पोसतात असंही नाही. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस इंटरल्युकिन-२ ची निर्मिती रोखतात, म्हणजे टी-रेगचाही खुराक तोडतात. टोफासिटिनिब ही रुमॅटॉइडची गोळी त्याच खुराकाचा निरोप पेशीच्या आत पोचू देत नाही. तरी रुग्णाला गुण येतो, कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातलं वजन त्याहून जास्त उतरतं. 'या पेशी वाढल्या की बरं, घटल्या की वाईट' हा हिशेब म्हणून फसवा आहे. त्या पेशीही दाबल्या जात नाहीत का, या तुमच्या शंकेचं उत्तर: थोड्या जातातही, औषधावर अवलंबून आहे. आपण मोजायची ती मात्र सूज. पेशी मोजून काही हाती लागत नाही.

आता साडेआठ हजारांची टेस्ट. सीबीसीच्या साध्या रिपोर्टवरून गणित करून पाहा. पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरमध्ये समजा ७,०००. त्यात लिम्फोसाइट ३० टक्के, म्हणजे २,१००. त्यांतल्या टी पेशी साधारण १,४७०, त्यांतल्या सीडी४ जातीच्या ९०० च्या आसपास. यांतल्या ५ ते १० टक्के टी-रेग असतात. ६ टक्के धरले तर ५४. या ५४ पेशी फ्लो सायटोमेट्रीनं, म्हणजे पेशींना रंगीत खुणा लावून मोजणाऱ्या यंत्रानं, शोधायच्या, तर सीडी४ हवा, सीडी२५ भरपूर हवा, सीडी१२७ कमी हवा, आणि खात्रीसाठी फॉक्सपी३ हवा. फॉक्सपी३ पेशीच्या पोटात असतो, त्यामुळे पेशीला भोकं पाडून रंग आत सोडावा लागतो. त्यातही पंचाईत म्हणजे माणसाची साधी टी पेशी चिडली तरी काही काळ फॉक्सपी३ दाखवते. साधा सर्दी-ताप असला तरी आकडा हलतो, आणि सीडी२५ 'भरपूर' कुठून म्हणायचं ही रेषा प्रत्येक लॅब आपली आपण ओढते. एवढं करून जे मोजलं ते रक्तातलं. आजार सांध्यात आहे. या आकड्यावरून रुमॅटॉइडचं कुठलंही औषध ठरवलं जात नाही, बदललं जात नाही, बंद केलं जात नाही. त्याच पैशांत पुढे सांगितलेल्या बऱ्याचशा उपयोगी तपासण्या होतील.

आणि तो अडीच लाखांचा कार्यक्रम. इथेही गणितच करू. ५० मिली म्हणजे ५०,००० मायक्रोलिटर, गुणिले ५४, म्हणजे सुमारे २७ लाख टी-रेग. वाटेत एकही वाया गेली नाही असं धरून. अमेरिकेत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १४ प्रौढांवर टी-रेग देण्याची चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. त्यात सर्वांत छोटा डोस ५० लाख पेशींचा होता आणि सर्वांत मोठा २६० कोटींचा. एवढ्या पेशी मिळवायला रक्तातून टी-रेग वेगळ्या काढून, निर्जंतुक खोलीत, विशिष्ट मणी आणि इंटरल्युकिन-२ घालून सुमारे दोन आठवडे वाढवाव्या लागतात. मग जंतू नाहीत ना, भलत्या पेशी मिसळल्या नाहीत ना, हे तपासूनच त्या परत देतात. चुकून हल्लेखोर पेशी वाढल्या तर आपण रुग्णाला तिचाच आजार बाटलीत भरून चढवू. दोन तासांत यातलं काहीच होत नाही. दोन तासांत रक्त यंत्रात फिरवून थर वेगळे करता येतात, बस.

त्या अमेरिकन चाचणीत उपचार सुरक्षित ठरला. पण नंतर शंभराहून जास्त मुला-तरुणांवर मोठी चाचणी झाली, तेव्हा शरीरातलं इन्सुलिन घटायचं थांबलं नाही. संशोधन संपलेलं नाही, सांध्याकडेच जातील अशा टी-रेग घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. जर्मनीतल्या एरलांगेनमध्ये ल्युपसच्या रुग्णांना जनुकबदल केलेल्या 'कार-टी' पेशी देऊन जे थक्क करणारे निकाल आले, त्या बातम्यांचीही यात सरमिसळ होते. त्या पेशी आवर घालणाऱ्या नव्हेत, बी पेशींना, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना, मारणाऱ्या आहेत. अगदी वेगळा उपचार. रुमॅटॉइडसाठी टी-रेग चढवणं हा आज कुठेही नेहमीचा मान्य उपचार नाही.

इंटरल्युकिन-२ चं इंजेक्शन कमी मात्रेत देऊन टी-रेग शरीरातच वाढवायच्या, हाही एक मार्ग अभ्यासात आहे. तो इथे सांगतोय कारण 'थोडं चांगलं तर जास्त आणखी चांगलं' हा समज त्यात उघडा पडतो. हेच औषध काही कर्करोगांत दिलं जातं तेव्हा ६० किलोच्या माणसाला एका वेळी ३ कोटी ६० लाख युनिट, दर आठ तासांनी. टी-रेग वाढवायच्या अभ्यासांत दिवसाला साधारण १० लाख युनिट. मोठ्या मात्रेत तेच औषध हल्लेखोर पेशींना पेटवतं.

आणि पेटवणं म्हणजे काय हे जगानं १३ मार्च २००६ रोजी पाहिलं. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी तरुणांना टीजीएन१४१२ नावाचं नवं औषध दिलं गेलं. प्राण्यांमध्ये ते टी-रेग वाढवत होतं, आणि ऑटोइम्यून आजारांवर त्याची आशा होती. माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाएवढीच मात्रा होती. दीड तासाच्या आत सहाही जण थरथरू लागले, पुढे अवयव निकामी होत अतिदक्षता विभागात गेले. जीव वाचले सगळ्यांचे. कारण नंतर कळलं: ज्या कळीवर बोट ठेवलं ती माणसाच्या हल्लेखोर स्मृतिपेशींवरही होती, त्या माकडांच्या तशा पेशींवर नव्हती. 'पेशी ॲक्टिव्हेट करतो' हे वाक्य आम्हाला म्हणूनच सहज ऐकवत नाही. कोणत्या पेशी?

केंद्रात परत जाणारच असाल, तर चार गोष्टी लेखी मागा. हा उपचार संशोधन असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातला नोंदणी क्रमांक. चाचणीची नोंदणी १५ जून २००९ पासून आपल्याकडे सक्तीची आहे, आणि सीटीआरआयच्या संकेतस्थळावर तो क्रमांक कुणालाही फुकट तपासता येतो. नैतिक समितीच्या मंजुरीचं पत्र. चढवल्या जाणाऱ्या बाटलीत काय-काय आहे त्याची यादी. आणि मेथोट्रेक्सेट बंद करण्याचा सल्ला, सही-शिक्क्यासह. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून प्रयोगातल्या उपचाराचे पैसे घेत नाहीत, त्यामुळे 'ट्रायल आहे आणि अडीच लाख आहेत' या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. बाटलीची यादी मागायचं कारण वेगळं. अशा ठिकाणी पहिल्या एक-दोन बैठकांत बोटं मोकळी झाली, तर ती स्टेरॉइडची करामत असू शकते. ते उतरलं की दुखणं दामदुप्पट परत येतं, आणि मधे मेथोट्रेक्सेट बंद असल्यामुळे हाडं झिजत राहिलेली असतात. ती झीज भरून येत नाही.

काढा. 'नैसर्गिक आहे, त्रास काय होणार' असं वाटणं साहजिक आहे, करोनाच्या दिवसांत घरोघर गुळवेल उकळत होती. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली, नंतर देशभरातल्या अनेक रुग्णालयांतून ४३ रुग्णांची. इजेचं रूप बऱ्याच जणांत ऑटोइम्यून हेपटायटिससारखं होतं, म्हणजे आवर सुटण्याच्याच जातीचं. वेल दुसऱ्या जातीची असावी, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. वाद राहू द्या. जिला एक ऑटोइम्यून आजार आहेच, आणि जी यकृतावर नजर ठेवावी लागणारं मेथोट्रेक्सेट घेते, तिनं तरी या वाटेला जाऊ नये. किती दिवस घेतला ते डॉक्टरांना सांगा आणि या आठवड्यात एसजीपीटी, एसजीओटी या यकृताच्या तपासण्या करून घ्या. डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली, उलट्या होऊ लागल्या तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

बाकी 'पेशी वाढवणाऱ्या' गोष्टींत ड जीवनसत्त्वाला थोडा आधार आहे. अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या चाचणीत रोज २,००० युनिट घेणाऱ्यांमध्ये पाचेक वर्षांत नवे ऑटोइम्यून आजार २२ टक्क्यांनी कमी आढळले. पण ते पन्नाशी गाठलेले लोक होते, आणि प्रश्न आजार होऊ नये याचा होता, झालेला बरा करण्याचा नव्हे. पातळी तपासा, कमी असेल तर ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक असं साधारण आठ आठवडे देतात. वर्षभर दर रविवारी घेत राहणारे लोक असतात. त्यांच्या रक्तातलं कॅल्शियम चढू शकतं आणि किडनीला भोगावं लागू शकतं.

आता मुलीचं पुढे काय. औषध 'लागू पडेनासं झालं' म्हणण्याआधी ते नीट पोटात जातंय का ते बघा. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळ होते म्हणून कधी टाळली जाते का? सणावारी, प्रवासात चुकते का? रागावून नको, सहज विचारा. आणि १५ मिलिग्रॅम हा मेथोट्रेक्सेटचा शेवट नाही, आठवड्याला २५ पर्यंत देतात. अडचण अशी की १५ च्या वर तोंडानं घेतलेलं औषध आतड्यातून त्या हिशेबानं शोषलं जात नाही. म्हणून पोटाच्या कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन देतात, किंवा गोळीचा डोस त्याच दिवशी दोन वेळांत विभागतात. इंजेक्शननं पुष्कळदा मळमळही कमी होते. कितीतरी जण ही पायरी न चढताच महागड्या औषधांवर जातात. डोस वाढवला की दोन ते चार आठवड्यांनी सीबीसी, यकृताच्या तपासण्या आणि क्रिएटिनिन, आकडे स्थिरावले की दोन-तीन महिन्यांनी. आणि हे सगळ्यांना माहीत असतं तरी चूक होतेच म्हणून लिहितो: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. पाकिटावर मार्करनं वार लिहा, फॉलिक ॲसिडच्या पाकिटावर दुसरा वार. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळसर असल्या की घरातलं कुणीतरी अदलाबदल करतं, रोज मेथोट्रेक्सेट पोटात जातं, आणि तोंड सोलवटून पांढऱ्या पेशी कोसळतात.

रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे, जाण्याआधी सात दिवस एका कागदावर लिहायला सांगा: उठल्यावर बोटं किती मिनिटांनी मोकळी झाली, कुठले सांधे सुजले, किती वेदनाशामक गोळ्या लागल्या. सोबत ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. डॉक्टर २८ सांधे दाबून डीएएस२८ हा आजाराच्या जोराचा आकडा काढतील. २.६ च्या खाली म्हणजे आजार शांत, ३.२ पर्यंत सौम्य, ५.१ च्या वर जोरात. आकडा विचारून घ्या आणि लिहून ठेवा. उपचार बदलल्यावर तीन महिन्यांत निदान निम्मा फरक दिसायला हवा, सहा महिन्यांत लक्ष्य गाठायला हवं. नाही गाठलं तर पुढची पायरी, उगाच वाट बघत बसायचं नाही.

ती पायरी इन्फ्लिक्सिमॅबसारख्या बायोलॉजिक इंजेक्शनची किंवा टोफासिटिनिबसारख्या गोळीची असेल तर आधी छातीचा एक्स-रे, मांटू किंवा इग्रा, हेपटायटिस बी आणि सी. क्षयाची तपासणी आपल्याकडे टाळण्याची सोयच नाही: शरीर जुने क्षयजंतू गाठीत कोंडून ठेवतं, ती भिंत टीएनएफच्या जोरावर उभी असते, आणि टीएनएफ रोखला की ढासळते. सुप्त क्षय निघाला तर त्याचं औषध सुरू करून सहसा महिनाभर थांबतात. फ्लू आणि न्यूमोकॉकलची लसही याच सुमारास उरकून घ्या. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनला चार वर्षं झालीत, पाचव्यानंतर डोळ्यांचा पडदा दरवर्षी तपासायचा असतो. सुरुवातीची तपासणी झाली नसेल तर आताच करा.

दुसऱ्या बाळाचं मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्यानं वरचं बरंच बदलतं. गर्भारपणात आईच्या शरीरात टी-रेग वाढतात, अर्धं परकं असलेलं बाळ नऊ महिने सांभाळायचं असतं ना. निम्म्याहून जास्त बायकांचे सांधे या काळात शांत होतात, याला इतर कारणांसोबत हेही एक असावं. बाळंतपणानंतर तो आवर सैलावतो आणि आजार उसळतो, किंवा तुमच्या मुलीसारखा पहिल्यांदाच डोकं वर काढतो. पण मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. दिवस राहण्याआधी एक ते तीन महिने ते थांबवावं लागतं, आणि तोवर गर्भनिरोधक न चुकता. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आणि सल्फासॅलाझिन गर्भारपणात चालतात, टीएनएफ रोखणाऱ्यांपैकी सर्टोलिझुमॅबचा अनुभव चांगला आहे. लेफ्लुनोमाइड मात्र शरीरात फार काळ रेंगाळतं. ते सुचवलं गेलं तर बाळाचा विचार आहे हे लगेच सांगा. आजार शांत असताना दिवस राहणं केव्हाही बरं. पुढच्या वर्षीच बाळ हवं असेल, तर आत्ता मेथोट्रेक्सेट वाढवायचं की सरळ दुसऱ्या औषधाकडे वळायचं, हा निर्णयच वेगळा होतो. म्हणून हा विषय भेट संपल्यावर दाराशी उभं राहून काढू नका. मुलीनं खुर्चीत बसल्याबसल्या पहिल्यांदा हेच सांगावं.